करातची बाग तोडायची नाही

किटी, पोनपे बेट
३ मार्च

चि. मर्लीनास मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला अक्षरं मधोमध पुसलेली दिसतात, म्हणून शेजारच्या रोसेंटाने वाचून दाखवलं. डाव्या डोळ्याचं म्हणशील, तर पाद्रीबाबांना आता नाकच उरलेलं नाही, कान तेवढे दिसतात. त्यात त्यांचं फारसं बिघडलेलं नाही.

माझ्या लेकाने, एल्परने करात केळीची बाग तोडून तिथे विकायला सकाऊची झुडपं लावायचं ठरवलं होतं. घरोघर भात शिजतो, करात खातं कोण, असं त्याचं म्हणणं. पण तू ब्रिस्बेनच्या प्रयोगशाळेत करातच्या रसाने डोळ्याच्या पेशी वाचवल्यास, हे मी गावच्या प्रमुखांच्या मांडवात, मुळ्या कुटून काढलेल्या सकाऊची वाटी फिरत असताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं. करातने डोळे बरे होतात म्हटलं! आता लोक दारात उभे असतात. गावातल्या इओसेपने तर काचबिंदूचे थेंबसुद्धा बंद केले. एल्परने कोयता ठेवून दिला. मला फार बरं वाटलं गं.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
पर्पेतुआ मावशी

ब्रिस्बेन
१९ मार्च

ती. पर्पेतुआ मावशीस सा. न. वि. वि.

मावशी, काय करून बसलीस! उजेड झेलून झेलून डोळ्याचा पडदा आतून गंजल्यासारखा होतो. तसाच मारा आम्ही बशीतल्या पेशींवर केला. करातचा रस दिलेल्या पेशी जास्त तगल्या, इतकंच. खाल्लेल्या करातमधलं डोळ्यापर्यंत किती पोचतं, ते आम्हाला अजून माहीत नाही. मेलेल्या पेशी तर परत येत नाहीत, तुझ्याही नाहीत. हे लिहिताना मला रडू आलं.

इओसेपकाकांचा आजारच वेगळा आहे. थेंब थांबले तर ते आंधळे होतील. मांडवात दिलेला शब्द परत घेणं किती जड, हे मी जाणते. एल्पर पुन्हा कोयता काढेल, तेही. तरी सांग, मावशी.

रागावलीस तरी चालेल, अबोला नको.

तुझी
मर्लीना

किटी
८ एप्रिल

चि. मर्लीनास अनेक आशीर्वाद.

सांगितलं. त्याच मांडवात उभी राहून, मी चुकीचं बोलले, असं सांगितलं. प्रमुखांनी तोंड फिरवलं, बाकीचे खो खो हसले. इओसेप तणतणत घरी गेला, पण थेंब घालतो आहे. रोसेंटा समोर उभी राहून घालायला लावते.

दुसऱ्या दिवशी एल्पर कोयता घेऊन बागेत आला. मी आधीच केळीला पाठ लावून बसले होते. म्हटलं, दात नव्हते तेव्हा हीच कुस्करून तुला भरवली, दुपटी पिवळी व्हायची ती मी धुतली. तो ओरडला, की हिला तुझा एक डोळा वाचवता येत नाही, मग ही केळ काय कामाची? मी विचारलं, की कामाची नाही म्हणून हिला तोडणार, तर दोन्ही डोळे गेल्यावर माझं काय करणार आहेस?

कोयता तिथेच टाकून गेला. अजून फुगलेला आहे. असू दे.

तू प्रयोग चालू ठेव. रसात काहीच दम नाही असं निघालं, तरी पहिलं पत्र मलाच घाल. मी पुन्हा मांडवात उभी राहीन, सांगेन, आणि घरी येऊन करात खाईन.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी
मावशी