सजग ग्राहकाची पसंती

९ जानेवारी १९९४
पंधरा मार्चच्या ग्राहक दिनाला माझं भाषण ठरलं. विषय मीच दिला : जाहिराती, ग्राहकाच्या शत्रू. ग्राहक मंडळाचा सेक्रेटरी मी, तेव्हा दुसरं कुणी बोलायचा प्रश्नच नव्हता. अख्ख्या सिल्वासात जाहिरातीला न भुलणारा माणूस हवा असेल तर आमच्या सरकारी क्वार्टर्समध्येच यावं लागेल. अध्यक्ष अनंतराव म्हणाले, थोडक्यात आटपा. माझं नाव झालेलं बघून लोकांच्या पोटात दुखतं, दुसरं काय.

१६ जानेवारी
दुपारी वापीहून पेपर आला. गुलमोहिनी साबणाची पानभर जाहिरात. दहा वेष्टनं पाठवा, 'मी गुलमोहिनी वापरतो, कारण...' हे वाक्य पुरं करा, कलर टीव्ही जिंका. किती बावळट समजतात लोकांना! भाषणात सालटी काढतो यांची. पण शत्रू आतून ओळखायला हवा. निव्वळ रिसर्च म्हणून भाग घेणार. टीव्ही मिळालाच तर नाकारायचा की नाही, ते तेव्हा बघू.

१७ जानेवारी
दहा साबण आणले. विजयाने विचारलं, आपल्या नेहमीच्या साबणाला काय धाड भरली? तिला रिसर्च समजावून सांगितला. साबण फुकट घालवणं मंडळाच्या तत्त्वात बसत नाही, म्हणून ते तिने वापरायचे असं ठरलं. मला त्या वासाने शिंका येतात. मी जुनाच वापरीन.

३० जानेवारी
वाक्य जमलं : '...कारण बायकोची त्वचा बोलते आणि मी ऐकतो.' जाहिरातवाल्यांना दहा जन्मांत सुचणार नाही. पण एकाच वाक्यावर विसंबणं अशास्त्रीय. आणखी तीन पाठवतो. त्यासाठी आणखी साबण. दुकानदार शेठ म्हणाला, "साहेब, दुकान खोलवी छे के शुं?" अडाणी.

११ फेब्रुवारी
विजयाच्या हातांवर लाल चट्टे. बोअरचं पाणी बाधलं असणार, असं मी सांगितलं. ती म्हणाली, त्याच पाण्याने तुम्हीही अंघोळ करता. शाळेत शिकवून शिकवून तिला वादाची सवय लागली आहे.

२० फेब्रुवारी
सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने साबण बंद करायला सांगितलं. तरुण आहे, अनुभव कमी. विजयाने साबण माळ्यावर टाकले. मी शांतपणे पटवून दिलं : जी कंपनी पेपरात पानभर जाहिरात देते, ती भिकार माल कशाला काढेल? निकाल लागेपर्यंत तरी वापर. उद्या कंपनीचा माणूस चौकशीला आला तर घरात दुसराच साबण? ती म्हणाली, तुम्ही म्हणताय तर. मीच माळ्यावरून काढून दिले.

१ मार्च
चट्टे मानेपर्यंत आले. रात्री तिला झोप लागत नाही. त्यामुळे माझीही मोडते. भाषणाची तयारी मागे पडली ती यामुळे.

८ मार्च
जिंकलो! उत्तेजनार्थ. टीव्ही वशिल्याने कुणाला तरी गेला असणार. कंपनीचा माणूस बक्षीस घेऊन आला, साबणाचा खोका. फोटोही काढला. विजयाने लांब बाह्यांचा ब्लाउज घालून शेजारी उभं राहावं असं मी सुचवलं. ती बाहेरच आली नाही. एकट्याचा काढला.

१४ मार्च
पेपरात माझा फोटो. वर 'सजग ग्राहकाची पसंती'. खाली नाव, आणि 'सेक्रेटरी, ग्राहक मंडळ, सिल्वासा'. हुद्दा त्यांनी विचारला नव्हता, मीच सांगितला होता. सायली गावच्या कारखान्यात कामाला जाणारा भिका बसस्टँडवर भेटला. "साहेब, पेपरमा तुमना फोटू दखा! घरमा तोच साबन लई उनू." माझा फोटो बघून त्यानेही घरी तोच साबण आणला होता! छाती फुगली. मग त्याचं तान्हं पोर आठवलं आणि जरा कसंसंच झालं. बोलणार होतो, पण त्याची बस सुटली.

१५ मार्च, संध्याकाळ
भाषण झालं नाही. आधी तक्रारी घेऊ, असं अनंतराव म्हणाले. पहिली तक्रार विजयाची. घरी अक्षरानेही बोलली नव्हती. भरल्या सभेत तिने बाही वर केली. एवढं होईपर्यंत वापरत का राहिलात, जाहिरातीला भुललात का, असं अनंतरावांनी विचारलं. ती म्हणाली, जाहिरात मी वाचलीच नव्हती. यांनी सांगितलं म्हणून वापरला. हसलं कुणी नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तक्रार सेक्रेटरीने लिहून घ्यायची असते. लिहून घेतली.

२७ मार्च
सेक्रेटरीपद सोडलं. तत्त्वासाठी. अनंतरावांनी बरं म्हटलं. भिकाच्या घरी जायचं राहून गेलं. आता इतक्या दिवसांनी जाऊन काय सांगणार?

विजयाचे चट्टे उतरताहेत. जेवायला वाढते, बोलतेही. दुपारी शेजारच्या रोहिणीवहिनी आल्या होत्या. विजयाने त्यांना विचारलं, आता मला कुठला साबण सोसेल हो? त्या म्हणाल्या, भावजींना विचारा की, त्यांना यातलं कळतं. विजया म्हणाली, राहू दे.

मी तिथेच होतो. पेपर वाचत.