मुळीचा वाघ

रविवार, ९ नोव्हेंबर
दुपारी सेलूला विहारामागच्या वाचनालयात खेळ. आम्ही चौघंच. प्रफुल दादा (यापुढे प्र. दा.) पुण्याला नोकरीत असताना हा खेळ शिकून आला. कागदावर आपापलं पात्र लिहायचं, गोष्ट तो सांगतो, आपण काय करणार ते आपण बोलायचं, अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आता तो सगळा खेळ मराठीत बसवतो आहे. आज म्हणाला, प्रत्येकाने एकेक प्राणी तयार करून आणा, आपल्या भागातला.
शुभमने लगेच कापसाच्या जिनिंगमधलं भूत घेतलं. काजलने विहिरीतली आसरा. माझ्या तोंडून निघून गेलं, माणसाचा वाघ होतो तो.
फेब्रुवारीत बाबांना वाघाने धरलं हे सगळ्यांना माहीत आहे. काजल हळूच म्हणाली, "जमन का तुले? दुसरं घे ना काई."
जमेल म्हणालो.
शुभम म्हणाला, "याले नाई जमन तं कोनाले जमन. वाघाच्या तोंडातून बाप काढून आनला यानं."
असंच सगळे म्हणतात. नऊ महिन्यांत मी एकदाही "तसं नाही" म्हटलेलं नाही.
खरं असं आहे की मी पळालो होतो. हे फक्त इथे लिहिलं आहे.

मंगळवार, ११ नोव्हें.
कार्ड सुरू केलं. गोष्ट बाबांचीच आहे, बकऱ्या चारताना सांगायचे. एका माणसाला दोन मुळ्या सापडल्या. एक हुंगली की वाघ, दुसरी हुंगली की पुन्हा माणूस. वावरात रानडुकरं फार, म्हणून तो वाघ होऊन राखण करायचा. दुसरी मुळी बायकोच्या हातात देऊन ठेवायचा. मी आलो की नाकाला लाव. एकदा ती त्याचा जबडा पाहून घाबरली. पळाली. मुळी नदीत पडली. तेव्हापासून तो वाघच. माणसांच्या जवळ येतो तो खायला नाही, मुळी कोणाकडे आहे का ते बघायला.

नाव : मुळीचा वाघ.
जीव : ४५. (साध्या माणसाचा १०.)
वास : भात शिजतो तसा. (हे खरं आहे. त्या दिवशी आला होता.)
खूण : पाणी पिताना ओंजळ करायला पुढचा पंजा उचलतो. मग त्याला आठवतं.
पळाल्यास : जो पळेल तो सुरक्षित. फासा टाकायची गरज नाही.

दोनदा स्वच्छ लिहून काढलं.

रविवार, १६ नोव्हें.
कार्ड खेळून पाहिलं. शुभमचं पात्र लुटारू आहे, काजलचं वैदू. वाघ झाडीतून बाहेर आला. प्र. दा. फार छान सांगतो, भाताचा वास आला म्हणाला तेव्हा काजलने पाय वर घेतले. शुभम म्हणाला, "मी पयतो." प्र. दा.ने माझं कार्ड वाचलं. सुरक्षित. काजल म्हणाली, "मंग मी बी पयते." सुरक्षित. संपला खेळ. पाच मिनिटं झाली नसतील.
"अबे हा वाघ हाये का गाय हाये?" शुभम.
सगळे हसले. मीही.
निघताना प्र. दा.ने बाजूला घेतलं. "बाकी कार्ड मस्त हाये. ओंजळीचं तं लय भारी. पन पयाची काई किंमत पाहिजे ना राजा. एक पयाला, तं मांग राह्यला त्याचं काय होते, तेवढं लिहून आन."
आणतो म्हणालो.
गावाच्या एसटीत पेन उघडंच खिशात ठेवलं. शर्टावर शाई. आई दूध लावून घासत होती. निघाली नाही.

मंगळवार, १८ नोव्हें.
मागे राहिलेल्याचे ५ जीव कमी. खोडलं.
मागे राहिलेल्याला वाघ फक्त हुंगतो. खोडलं. खोटं आहे.
मागे राहिलेला झाडावर चढू शकतो. झाड होतं कुठे.
पान फाडून नवीन घेतलं.

बुधवार, १९ नोव्हें.
मी कामाला आहे त्या फ्लेक्सच्या दुकानात आज बोर्डाचं काम. शेजारच्या ग्रामपंचायतीचे फ्लेक्स, सहा बाय चार, बारा नग. मजकूर टाइप करून आलेला. "चराईला एकट्याने जाऊ नये. वाघ दिसल्यास पळू नये. पाठ दाखवू नये. सोबत्याला सोडून जाऊ नये."
मालक म्हणाले, "तूच पाहून घेजो बाप्पा. तुह्या घरचाच विषय हाये."
प्रूफ तीनदा वाचलं. बारावी अर्धवट सोडली तरी शुद्धलेखन माझं पक्कं, म्हणून तर हे काम मिळालं. एकही चूक नव्हती. एखादी असती तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, २० नोव्हें.
दुकानाला सुटी (रविवारी अर्धा दिवस असतं, म्हणून गुरुवारी बंद). बाबा अंगणात, निंबाखाली खाटेवर. आई कापूस वेचायला. लिहूनच टाकतो, नाहीतर कार्ड होणार नाही.
त्या दिवशी आम्ही नाल्याच्या वरच्या अंगाला होतो. बाबा बकऱ्यांसाठी पाला तोडत होते. एक पाठ, तरणी बकरी, खाली नाल्यात उतरली. बाबांनी कुऱ्हाड माझ्या हातात दिली. म्हणाले, "धर. आनतो मी तिले." पंधरा पावलं गेले असतील. काही आवाज झाला नाही. नुसता तो वास आला, आणि बाबा खाली होते, आणि त्यांच्यावर तो. बाबांनी माझं नाव घेतलं. एकदाच. नीट घेतलं, घरात हाक मारतात तसं.
मी पळालो. थेट रोडपर्यंत. रोडने हरभरा सोंगून बाया परतत होत्या, एक ट्रॅक्टर होता. ओरडलो ते तिथे. सगळे धावले, डबे वाजवले, ट्रॅक्टरचा हॉर्न. वाघ सोडून गेला. नंतर वनखात्याच्या माणसानेही लिहून घेतलं, मुलाने प्रसंगावधान राखून मदत आणली.
रोडवर कोणी आहे हे मला माहीत नव्हतं. कोणी नसतं तरी मी पळतच गेलो असतो.
कुऱ्हाड हातातच होती. रोडवर पोहोचल्यावर दिसली.
बाबांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. गावातल्या बोअरिंगच्या पलीकडे ते गेलेले नाहीत. बकऱ्या दावणीलाच, पाला आई आणते, विळ्याने. कुऱ्हाड मी पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगामागे ठेवून दिली. कोणी विचारली नाही.

शुक्रवार, २१ नोव्हें.
नियम लिहिला. जो मागे राहतो, त्याला वाघ धरतो. एका ओळीत मावला.

शनिवार, २२ नोव्हें.
सकाळी बससाठी निघायला अर्धा तास होता. कार्ड चाळत होतो.
बाबा म्हणाले, "कायचं लिहून राह्यला रे रोज?"
खेळाचं. वाघाचं.
वाटलं, आता तोंड फिरवतील. म्हणाले, "वाच."
पहिल्या ओळीपासून वाचलं. जीव ४५ वर थांबवलं. "माह्ये किती?"
"माणसाचे दहा."
"मंग मी वाचलो कसा?"
बाबांना थोडं हसू आलं. फेब्रुवारीनंतर मी पहिल्यांदा पाहिलं.
दातांचं वर्णन खोडायला लावलं. "दात नाई पाह्यले म्या. वजन. वजनच ध्यानात हाये. ते लिह्य." भाताचा वास बरोबर म्हणाले. ओंजळीला नुसती मान हलवली.
मग शेवटचा नियम. वाचला. पुन्हा वाचला.
बाबा बकऱ्यांकडे बघू लागले. मग म्हणाले, "त्या बाईले काऊन दोष देते सारे? भेली, पयाली. समोर वाघ उभा हाये, नवरा थोडीच दिसते तिले."
मी पेन उघडलं.
"चूक त्याची हाये. भेवाच्या टायमाची वस्तू दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळा झाला. झाडाले बांधून ठेवाची ना. ती पयाली असती तरी मुळी तिथंच राह्यली असती. वापस येऊन घेता आली असती तिले."
"तसं लिहू?"
"लिह्य तसं."
बसची वेळ झाली. कुऱ्हाडीचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही नाही. दिवसभर दुकानात एकच विचार, बाबा गोष्टीतल्या माणसाबद्दल बोलले की स्वतःबद्दल. संविधान दिनाच्या फ्लेक्सवर तारीख टाकायची राहिली, मालकांनी पकडलं. माझी पहिली चूक.

रविवार, २३ नोव्हें.
नवीन कार्ड प्र. दा.ला दिलं.

मुळी झाडाला बांधलेली असते.
जो पळतो, तो वाचतो. मागे राहिलेल्याला वाघ धरतो.
वाघाचा माणूस करायला दोघं लागतात. एकाने नाकाला मुळी धरायची, दुसऱ्याने त्याला तो माणूस असतानाच्या नावाने हाक मारायची. तीन पाळ्या.
हत्यार चालत नाही. थांबणाऱ्याने फासा टाकायचा नाही. नुसतं थांबायचं.

प्र. दा.ने दोनदा वाचलं. "पयाला तो वापस येऊ शकते का?"
बाबांचं आठवलं. येऊ शकतो म्हणालो. त्याने खाली स्वतः लिहिलं, परत यायला फाशावर पंधरा किंवा जास्त.
खेळ सुरू. नाला, वास, वाघ. शुभम सवयीने, "मी पयतो." प्र. दा. म्हणाला, ठीक, तू रोडवर पोहोचलास, वाचलास. मागं काजल हाये. शुभमचं तोंड उतरलं. "अबे, तिले घेऊन पयतो ना मंग." "झालं आता. पयाला तू."
काजल म्हणाली, "मी झाडाची मुळी सोडते." वाघाने तिला खाली पाडलं. पडल्या पडल्या तिने मुळी वाघाच्या नाकाला धरली. फासा नाही, काही नाही. ती नुसती म्हणाली, "थांबते." पहिली पाळी. "थांबते." दुसरी. पण हाक मारायला दुसरं कोणी नव्हतं.
शुभम म्हणाला, "मी वापस येतो." फासा उचलला, मुठीत घेतला. तेवढ्यात महिला मंडळाच्या बाया आल्या, त्यांची बैठक होती. सतरंजी गुंडाळा म्हणाल्या. फासा टाकायचाच राहिला. प्र. दा. म्हणाला, आता घाईत नको, पुढच्या रविवारी.
काजल बसस्टॉपपर्यंत सोबत आली. म्हणाली, "हे तू सोताचं लिहिलं ना?" अर्धं बाबांचं आहे म्हणालो. आणखी सांगणार होतो. तिची बस आधी आली.

गुरुवार, २७ नोव्हें.
सुटी. सकाळी बाबांना रविवारचं सगळं सांगितलं. ऐकताना उठून बसले.
"मंग आला का तो पोट्टा वापस?"
"फासा टाकायचा राहिला."
"किती पडा लागते?"
"पंधरा किंवा जास्त."
"लय झाले. कमी कर."
नियम दादाने लिहिलाय म्हणालो.
"त्या दादाले मी सांगतो. या आयतवारी येतो मी तुह्यासंग. अन् वाघाच्या तर्फेनं कोन बोलते तिथं?"
दादाच बोलतो म्हणालो. बाबा म्हणाले, "त्याले काय मालूम वाघाचं." विनोदाने म्हणाले की खरंच, कळलं नाही. सेलूपर्यंत बसने, बाबा. आईला सांगितलं तर ती माझ्याच तोंडाकडे बघत राहिली.
दुपारी जेवण झाल्यावर विचारलं, "कुऱ्हाड कुठी हाये?"
पऱ्हाटी बाजूला करून काढली. पात्याला गंज. हात माझे घाणेरडे झाले होते तेच बघत होतो. बाबांनी ती उजव्या हातात घेतली, वजन पाहिलं, दगडावर चार वेळा घासली. मग मलाच परत दिली. "निंबाले टांग. त्या फाट्यावर. माह्या हाताले आली पाहिजे अन् तुह्याही."
खालच्या फांदीवर टांगली. बाबा उभे राहिले, उजवा हात वर केला, लागली. मग मला म्हणाले, "तू पाह्य."
लागली.
"उद्या सकाळी बकऱ्या नेऊ. नाल्याकडं नाई. रोडाच्या इकडं, हरभऱ्याच्या वावरापर्यंतच. तू दुकानात जाच्या आधी येऊ वापस."
"मी, बाबा, त्या दिवशी..." म्हणालो.
"दोघं लागतात म्हन्ते ना तुहं कार्ड," ते म्हणाले. आणि खाटेवर आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून.
हो म्हणालो. ऐकलं की नाही माहीत नाही.
साडेसहाला निघायचं. मोबाइलवर गजर लावला, सहाचा एक, सव्वासहाचा एक. इथून खिडकीतून निंबावरचा दांडा दिसतो. वारा आला की थोडा हलतो.