हरिदास मास्तरांचा एको

१२ फेब्रुवारी

आले एकदाची नाचणगावात! टेम्पोवाल्याने माझी खोकी बघून विचारलं, ताई, टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकता काय. मी म्हटलं, नाही, वाजवायचं सामान बनवते. त्याला वाटलं ढोलकी. खोकं उघडून दाखवलं असतं तर बिचारा आणखीच गोंधळला असता. तारांचं जंजाळ, डझनभर बटणं आणि लाल रंग दिलेला पत्र्याचा डबा. या डब्यातून सूर निघतो, ठेका निघतो, आणि आतलं एकूण एक सोल्डरिंग माझ्या हातचं आहे. नाव ठेवलंय लाल पेटी.

दवाखान्यातली मशीनं दुरुस्त करायची वर्ध्यातली नोकरी सोडली तेव्हा मावशीने आठवडाभर तोंड फिरवलं होतं. फिरवू दे. चौदा एप्रिलला पुलगावच्या जयंतीत दरवर्षी भाड्याचा डीजे असतो. यंदा ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या नागसेनदादाने मंडळाशी भांडून ठरवलंय की जागृती, म्हणजे मी, स्वतःच्या मशीनवर, स्वतःचं गाणं, स्वतःच्या गळ्याने म्हणेल. आयुष्यभर मला सगळ्यांनी एकच सांगितलं, आवाज हळू. आता ऐका म्हणावं.

घर छान आहे. मागच्या दोन खोल्या माझ्या, पुढे घरमालकीण विमलाबाई एकट्या राहतात. परसात कडुनिंब आणि एक झाकलेली विहीर. रोजनिशी बाबांच्या शाईच्या पेनाने लिहायची असं ठरवलंय. निब म्हातारी झालीय, कागदाला टोचते. शिवाय माझी जुनी खोड आहेच. आधी अख्खं वाक्य लिहायचं, मग वरून एक लांब रेघ ओढायची. शाळेत बाई ओरडायच्या. त्या थकल्या, खोड राहिली.

१५ फेब्रुवारी

टेबल मांडताना भिंतीतून आलेल्या, टोकं कापलेल्या दोन जुन्या वायरी सापडल्या. सापडलेली वायर कुठे जाते ते बघितल्याशिवाय मला जेवण जात नाही. दोन्ही परसातून थेट विहिरीत उतरतात. विहीर कोरडी, वर पत्रा, पत्र्यावर दगड. पत्रा सरकवून टॉर्च मारला तर खाली एक भोंगा टांगलेला, आणि समोरच्या कडेला एक माईक.

कळलं तेव्हा मी टाळीच वाजवली. हा एको आहे! खोलीतल्या माईकमधे गायचं, आवाज भोंग्यातून विहिरीत सोडायचा, विहीर तो घुमवणार आणि खालचा माईक तो घुमलेला आवाज वर आणून देणार. एकोचं मशीन विकत घेणं परवडत नव्हतं तेव्हा कुणीतरी विहिरीचंच मशीन केलं. अशा माणसाच्या पाया पडावं.

विमलाबाई म्हणाल्या, ते हरिदास मास्तर. ऑर्केस्ट्रात ऑर्गन वाजवायचे, याच खोल्यांत राहायचे. त्यांचा एको ऐकायला नागपूरहून लोक येत. मग एकदम म्हणाल्या, "त्या इहिरीच्या नादी लागू नोको पोरी." काऊन, असं त्यांच्याच भाषेत विचारलं, तर भाजी करपून राह्यली म्हणून आत गेल्या. भाजीचा वास काही आला नाही.

१९ फेब्रुवारी

जोडलं! भोंगा साफ केला, माईक बदलला, वायरीचे कुजलेले तुकडे काढून नवी शील्डेड वायर घातली. टेबलावर छोटा स्पीकर ठेवला, त्यातून विहीर बोलते.

काय आवाज आहे! लाल पेटीचा साधा एक सूर आत सोडला तर ओला होऊन, मोठा होऊन परत आला. गाण्याची ओळ म्हटली, 'आम्ही उजेड मागत नाही, उजेड आम्ही घेऊन आलो', आणि वाटलं माझ्यामागे अख्खी वस्ती गातेय. डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

एकच दुखणं आहे, खरखर. कुठेतरी कच्चं सोल्डरिंग असणार. उद्या बघते.

२४ फेब्रुवारी

खरखर काही जात नाही. कपॅसिटर बदलले, अर्थिंग नव्याने केलं, घरातला फ्रिज बंद ठेवला, वायर विजेच्या लाईनीपासून लांब नेली. एकेक भाग काढून बघितला. भोंगा सोडवला तरी खरखर. लाल पेटी बंद केली तरी खरखर.

कच्च्या जोडाची खरखर वेडीवाकडी असते. हिला एक चाल आहे. बारीक बारीक ओरखडे, मधे थांबा, पुन्हा ओरखडे, मग एक लांब सरळ ओरखडा. पुन्हा पहिल्यापासून. पाल किंवा उंदीर म्हणावा तर विहिरीत टॉर्च मारून पाहिलंय, काही नाही. शेवटी फिल्टर लावून वरचा आवाज कापून टाकला. सगळे आवाजवाले तेच करतात. गाणं ठेवायचं, कचरा काढायचा.

२ मार्च

आज टाळी वाजवली तर एको टाळीबरोबरच आला. अजिबात उशीर नाही. असं होऊ शकत नाही, विहीर खोल आहे, आवाजाला जाऊन यायला वेळ लागतोच.

दुपारी त्याहून मोठी गंमत झाली. स्पीकरमधून स्टीलचं ताट पडल्याचा घुमलेला आवाज आला. ताट माझ्या हातात होतं. मी हसले, आणि मुद्दाम ते हळूच खाली ठेवलं. घे, कर काय करायचं ते. तेवढ्यात विमलाबाईंच्या स्वयंपाकघरात ताट पडलं. तोच आवाज. खात्री करायला चाचणीसाठी मोबाईलवर सुरू ठेवलेलं रेकॉर्डिंग लावून पाहिलं, तोच.

नागसेनदादाला फोन केला. तो म्हणाला, ऊन लागलं तुले. मी म्हटलं, मार्चमधेच?

९ मार्च

अंतर वाढतंय. सकाळी स्पीकरमधून मोटरसायकल आली, मग नागसेनदादाची हाक, "जागृती, चहा ठेव वं!" दार उघडलं तर कुणी नाही. तो संध्याकाळी आला, मोटरसायकलवर, आणि फाटकातून तेच ओरडला. मी चहा आधीच ठेवला होता. तो खूश झाला. कारण सांगितल्यावर त्याने तो अर्धाच प्यायला.

भीती वाटते का? वाटते. पण दुरुस्तीवाल्याने मशीनला भ्यायचं म्हणजे झालंच. विहीर पुढचं ऐकवते एवढाच बिघाड आहे. आवाज उशिरा येतो तसा लवकर आला.

खरखर वाढलीय. आता फिल्टरमधूनही येते.

१६ मार्च

आज माझं गाणं आलं.

मी भाकरी खात होते. स्पीकरमधून लाल पेटीचा ठेका सुरू झाला, मग माझा आवाज. इतकी सुंदर मी कधी गायले नाही. 'आम्ही उजेड मागत नाही, उजे—' आणि तिथे तुटला. शब्दाच्या मधोमध, ठेक्यासकट.

त्यानंतर माझा आवाज नाही. बराच वेळ नुसती खरखर. मग खरखरीचा एक लांब ओरखडा, तोही अर्धवट. मग बारीकसं टक्. नंतर काहीच नाही. दिवसभर बसून राहिले. विमलाबाईंचं भांडं नाही, दादाची मोटरसायकल नाही, कावळा नाही. विहीर आता पुढचं काहीच ऐकवत नाही, तेवढा एकच तुकडा पुन्हा पुन्हा. म्हणजे माझ्यापुरतं पुढे काही नाहीच असं तिचं म्हणणं.

सगळं मोबाईलवर आहे.

१८ मार्च

विमलाबाईंना तुकडा ऐकवला. त्यांनी पदर तोंडावर धरला आणि शेवटी सांगितलं.

मास्तरांनीही असंच स्वतःचं काहीतरी ऐकलं होतं. काय ते कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी बोलणं सोडलं. गाणं सोडलं, ऑर्केस्ट्रा सोडला. वायरी कापल्या, विहिरीवर पत्रा टाकला. वर्षानुवर्षं एक शब्द नाही. "मरेलोक बोलला नाई मानूस. पाटीवर लिहून दे मले, काय आनाचं ते." एका सकाळी त्या सामान विचारायला आल्या तर मास्तर टेबलावर पडलेले. पुढे पाटी, खडू खाली. पाटीवर 'साख' एवढंच. साखर लिहायची होती. वरची रेघही नव्हती.

इतकी वर्षं तोंड मिटून काय मिळालं मास्तर तुम्हाला? कधीतरी झोपेत तो शब्द तोंडातून गेला असेल, आणि सकाळी विहिरीने गाठलं असेल. मला तर रडायला आलं. इतका मोठा कलावंत, आणि शेवटी साखर.

२२ मार्च

दादा म्हणतो, "चाल माह्या घरी. गानं बदलू, नाई तं डीजे आनू." चांगल्या मनाने म्हणतो. पण डीजे आणायचा म्हणजे मी गप्प बसायचं. शाळेत गप्प, नोकरीत गप्प, मावशीच्या घरात गप्प, आणि आता एका कोरड्या विहिरीच्या धाकाने गप्प?

नाही. मी गाणार. गाणं तेच आणि ओळही तीच.

२५ मार्च

वायरी कापल्या. माईक वर ओढून काढला, भोंगा काढला. दोन्ही माझ्यासमोर टेबलावर पडलेत.

स्पीकर अजून बोलतोय. तोच तुकडा. गाणं, तुटणं, खरखर, टक्.

२९ मार्च

स्पीकरची वायरही काढली. त्याच्यामागे आता काहीच जोडलेलं नाही. मल्टिमीटर शून्य दाखवतो. तरी—

झोप नाही. विमलाबाई भाकरी आणून देतात, दारातच ठेवून जातात. आज उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "नोको गाऊ वं माय." मी म्हटलं, काकू, तुम्ही ऐकायला या.

१ एप्रिल

परवा गाणार. चौदा तारखेची वाट बघत रोज मरायचं नाही. याच टेबलावर, भर दुपारी. 'उजे'च्या पुढचा 'ड' म्हणायचा. एका अक्षराचा तर प्रश्न आहे.

गळा ठीक आहे. लाल पेटी ठीक आहे. मी—ठीक आहे.

३ एप्रिल, दुपार

गायले! जिवंत आहे!

लाल पेटी सुरू केली, ठेका धरला, पूर्ण आवाज सोडला. 'आम्ही उजेड मागत नाही, उजे—' आणि लाईट गेली. एवढंच! पेटी बंद पडली, मी दचकून थांबले. रोज दुपारी जाते तशी गावाची लाईट गेली. उजेड म्हणायला आणि लाईट जायला एकच गाठ पडली. मनातल्या मनात हसले. विहिरीने एवढं घाबरवलं ते एका लोडशेडिंगसाठी! लगेच वही ओढली. हे आधी लिहून ठेवते, मग अंगणात जाऊन ओळ पुरी म्हणते, विमलाबाईंना ऐकू जाईल अशी—

स्पीकरमधे खरखर.

लाईट नाही. वायर नाही. तरी खरखर.

लिहायची थांबले. खरखर थांबली.

पुन्हा लिहितेय. पुन्हा आली.

वाक्यावर रेघ ओढली. लांब, सरळ ओरखडा.

हा पेन आहे. पहिल्या दिवसापासून हा पेनच आहे. मी कपॅसिटर बदलत बसले आणि ती माझं हेच लिहिणं ऐकवत होती. आवाजवाल्यांची खोड. गाणं ऐकतो, कचरा कापतो. मास्तरांनीही गळाच सांभाळला. खडू नाही सांभाळला. साख—

तुकड्यात गाणं तुटतं. मग बराच वेळ खरखर. मग अर्धी रेघ. मग टक्, पेन पडल्याचं.

पेन ठेवून देऊ? दरवाजा समोर आहे, उघडा आहे. पण मग उद्यापासून वाणसामान लिहायलाही भ्यायचं, मास्तरांसारखं. ते नाही. माझं शेवटचं वाक्य साखरेचं नसेल. विहिरीच्या तुकड्यात माझी ओळ अर्धी आहे. इथे ती पुरी होणार. ऐक आता—

आम्ही उजेड मागत नाही, उजेड आम्ही घेऊन आलो

झाली. पुरी झाली! आता फक्त वरची रे—