हरकतीचे तीन दिवस

१४ तारीख, बुधवार, दुपार

चि. खटपट्यास,

आशीर्वाद. लिहायची रीत आहे म्हणून लिहिला, मनापासून आहे असं समजू नकोस. आईचा गुडघा दुखतो, पण तुझी बाजू घेऊन माझ्याशी भांडण्याइतकी ती ठणठणीत आहे. "सख्खा भाऊ आहे तुझा. त्याच्यासाठी दोन शब्द बोललीस तर जीभ झिजणार आहे का?" असं कालच तिनं मला सुनावलं.

तुझा निरोप मिळाला. उद्या चौकशी समिती तुला कामावरून काढणार, असं सगळं ऑफिस म्हणतंय, आणि मी तुझ्या बाजूनं बोलावं अशी तुझी इच्छा आहे. काय बोलू? हॉस्पिटलच्या या कंप्युटर सिस्टिमची आर्किटेक्ट मी, प्रोजेक्टचा प्रमुख तू. सिस्टिमचे भाग कोणते, कोणता भाग कशावर उभा राहील, हे ठरवणं माझं काम. त्याबरहुकूम बांधून घेणं तुझं. माझ्या आराखड्यात स्वच्छ लिहिलं होतं की प्रत्येक पेशंटला स्वतःचा वेगळा क्रमांक हवा. फोन नंबर ही नुसती माहिती, ती माणसाची ओळख नव्हे. त्याला सहा आठवडे जास्त लागणार होते, ते तुला जड झाले. तू फोन नंबरलाच ओळख करून टाकलंस आणि वर म्हणालास, "सध्या चालवून घेऊ, पुढच्या टप्प्यात बदलू."

पाया पुढच्या टप्प्यात बदलता येत नाही, गाढवा. त्यावर नोंदणी चढली, औषधं चढली, लॅबचे रिपोर्ट चढले. चाचणीत तू आपल्याच ऑफिसातल्या माणसांना पेशंट केलंस, आणि त्या प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा फोन होता. सगळं झकास चाललं. तू पेढे वाटल्यासारखा हिंडत होतास.

मग बापाच्या एकाच फोन नंबरवर दोन बहिणी पेशंट म्हणून आल्या. थोरलीची नोंद धाकटीच्या नोंदीवर बसली आणि धाकटीची पेनिसिलिनची ॲलर्जी पुसली गेली. नर्सनं पडद्यावर "ॲलर्जी नाही" असं वाचलं आणि इंजेक्शन दिलं. तिचं काय चुकलं? नऊ वर्षांची पोर आठ दिवस आयसीयूत पडून होती. वाचली. परवा घरी गेली.

तू गेलास का तिला बघायला? मी गेले होते. बाहेरच्या बाकावर तिचे वडील बसले होते, मांडीवर तिचे बूट घेऊन. मला म्हणाले, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "कंप्युटरच्या कामाची आहे." ते म्हणाले, "मशीन चुकलं म्हणतात." मी मान डोलावली आणि तिथून निघाले. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

तुझा राग मला आजचा नाही. तुला इथं चिकटवलं मी, आणि वर्षभरात माझ्याच डोक्यावर बसलास. त्या मोठ्या बैठकीत, हॉस्पिटलच्या लोकांसमोर, काय म्हणाला होतास आठवतं? "ताईच्या आराखड्यातले चौकोन आणि बाण भिंतीवर छान दिसतात. पण गिऱ्हाईक काही भिंत विकत घेत नाही." सगळे खो खो हसले. चहा देणारासुद्धा हसला. मीही हसले, न हसून करते काय? घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणे, "लहान आहे, मनावर घेऊ नकोस." छत्तीस वर्षांचा घोडा लहान!

आता नियमाचं. आपल्याकडे आराखडा सोडून काही करायचं तर त्याचं कारण एका पानावर लिहून सर्वांना दिसेल असं ठेवायचं. तीन दिवसांत आर्किटेक्टनं हरकत घेतली नाही तर ते मंजूर. एवढं एक काम तू नियमानं केलंस. पान ठेवलंस. समितीला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, की ते माझ्या पाहण्यात आलं नाही, मी रजेवर होते.

रजेवर होते, एक दिवस. आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं.

उरलेले दोन दिवस मी जागेवर होते. तुझं पान मी तीनदा वाचलं. हरकत लिहिलीसुद्धा. तिच्यात एक वाक्य असं होतं: "एका फोनवर दोन भावंडं आली तर?" शब्दन् शब्द हेच. पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं आणि ते सगळ्यांचं हसणं कानात घुमलं. म्हटलं, आपटू दे एकदा तोंडावर. चाचणीतच फजिती होईल, चार लोकांसमोर कान पकडेल, मग कळेल चौकोन कशाला काढतात ते. लिहिलेलं पुसलं आणि जेवायला गेले. पोटभर जेवले.

तुला आपटायचं होतं मला. आपटली कोणाचीतरी पोर.

हे पत्र तुझ्याकडे पाठवून द्यावं आणि समितीला दाखवायचं की नाही ते तुझ्यावर सोडावं, असं सकाळी ठरवलं होतं. मग लक्षात आलं की हेही तेच झालं. दुसऱ्याच्या हातात निर्णय द्यायचा आणि आपण गप्प बसून गंमत बघायची. म्हणून इथवरच्या पत्राची नक्कल, प्रत्येक पानावर सही करून, आत्ताच समितीच्या अध्यक्षबाईंच्या हातात देऊन आले. त्यांनी माझ्यासमोरच वाचली. बसायला सांगितलं नाही.

मी तुला सोडवलं असा याचा अर्थ काढू नकोस. ते पान तू लिहिलंस, ते तुझ्या नावावर राहील. उद्या बहुतेक दोघंही बाहेर पडू. रस्त्यात माझ्याशी गोड बोलायला येऊ नकोस, माझा राग उतरलेला नाही आणि तुझी क्षमाही मला नको.

आईला मात्र तू काही सांगू नकोस. तिच्या मुलानं काय केलं ते तिला ठाऊक आहे. मुलीनं काय केलं ते मी सांगणार आहे, आज, ती चहा घेऊन बसली की.

आजवर तुझी चूक दाखवण्यात कधीही न चुकलेली, आणि एकदाच, जाणूनबुजून, गप्प राहिलेली,

तुझी ताई