तीन बिशपांचा एक हात

मी पेल्लेग्रिना, तांब्यावर चित्रं कोरणाऱ्या बाल्दासारेची विधवा, वय एक्कावन्न. अंगात ताप आहे, डोकं मात्र ठिकाणावर आहे. लेखनिक बोलावला नाही. तो माझं बोलणं गोड करून टाकेल.

घर आणि छापायचं यंत्र लेक फाउस्तीनाला. दीर ओताव्यो म्हणतो, "वहिनी, यंत्र बाईच्या हाती शोभत नाही." इतकी वर्षं त्याचा दांडा मी ओढला, तेव्हा शोभत होतं.

बिशपसाहेबांचं चित्र कोरलेला तांब्याचा पत्राही फाउस्तीनालाच. भांडण त्याचंच आहे, म्हणून नीट लिहिते. या एका पत्र्यावर तीन बिशप होऊन गेले. एक मेला की नवरा त्याचं तोंड खरवडून नवं कोरायचा. झगा, खुर्ची, अंगठी, मांडीवरचं पुस्तक तेच. पुस्तक एकानेही उघडलं नसेल. पायाशी कोकरू आहे. साहेबांना ते फक्त ताटात ओळखू यायचं. लोक मात्र चित्र भिंतीला लावून आशीर्वादाच्या हाताला ओठ लावतात.

तो हात माझा आहे. पहिल्या साहेबांना चित्रासाठी बसायला सवड नव्हती. पत्र्यावरचं कागदावर उलटं उमटतं, डाव्याचं उजवं होतं, म्हणून नवरा म्हणाला, "डावा हात वर धर आणि गप्प बस." याच हाताने लिहायचे म्हणून लहानपणी पाद्र्याने तो वेताने फोडला होता. सैतानाचा हात म्हणे. शाळा तिथेच संपली, तर्जनी वाकडी राहिली. चित्रातही ती वाकडीच आहे.

आता चौथे साहेब आलेत. त्यांचा चिटणीस दुकानात येऊन म्हणाला, "बाई, हे बोट सरळ करा. साहेबांच्या घराण्याला शोभत नाही."

"साहेबांनी आधी स्वतःचं दाखवावं," फाउस्तीना म्हणाली.

"मग छापायचा परवाना विसरा."

ओताव्यो लगेच वाकला. "मी करून देतो ना, मालक. पत्रा तेवढा माझ्याकडे येऊ द्या."

येणार नाही. ओताव्योला माझ्या नवऱ्याची गुडघ्यांवर ठिगळं लावलेली विजार द्यावी. त्याला रोज लागेल.

फाउस्तीना, मुंडकी हवी तितकी बदल, त्यांचं काही नाही. बोटाला हात लावू नकोस. परवाना गेला तर खेळायचे पत्ते छाप. त्यातले राजे नाक मुरडत नाहीत. अगदीच अडलीस तर पत्रा तांबटाला दे. कढई झाली तरी चालेल, सरळ बोट चालणार नाही.

पुरताना चौथ्या साहेबांना आशीर्वादाला बोलावू नये. आशीर्वादाचा हात माझ्याजवळच आहे.

साक्षीदार: तेओफिलो, पाववाला. बर्नार्दीनो, कागदविक्या. दोघांच्याही भिंतीवर हे चित्र आहे. तेओफिलो आत्ताच म्हणाला, "पेल्लेग्रिनाबाई, सही तरी उजव्या हाताने करा."

गाव सान बियाजो, संत लुकाच्या सणाचा दुसरा दिवस, सन १५७१.

सही: पेल्लेग्रिना. डाव्या हाताने.