कैसराच्या मागोमाग

बेथ लापात,
निसान महिन्याचा पहिला आठवडा,
शहेनशहांच्या राज्याचं एकतिसावं वर्ष

प्रिय जब्दा यास,

थोरली बहीण वर्दा हिचे आशीर्वाद. प्रभूची शांती तुझ्या घरावर असो.

तुझं पत्र उंटवाल्याने अक्रोडांच्या पोत्यातून नीट पोचवलं. तुला मुलगी झाली, वाचून फार बरं वाटलं. नाक आपल्या आईवर गेलं असेल तर लग्नाच्या वेळी तुझी धडगत नाही. इथे डाळिंबांना फुलं आली आहेत. माझी शीरीन मागावर बसायला लागली, हात अगदी बापाचा. हनन्याचा माग सध्या रिकामाच असतो, म्हणून तिला तिथे बसवलं आहे.

तू लिहितोस, सरहद्दीपलीकडे तुमच्या मोठ्या प्रार्थनाघरात दर रविवारी आधी तुमच्या सम्राटाच्या, कैसराच्या विजयासाठी प्रार्थना होते आणि तुझ्या शब्दाखातर मागोमाग आमची नावं वाचतात. हनन्या, वर्दा, शीरीन, मग सगळी विणकरआळी. ‘ताई, तुम्हाला कैसराच्या पंगतीला बसवलं.’ जब्दा, तुझी माया मला कळते. लहानपणी स्वतःचं अंजीर तू माझ्या ताटात टाकायचास. पण ही नावं वगळायला सांग. पत्र हाती पडेल, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारच्या आत.

तुमच्या प्रार्थनाघरात इकडचेही कान बसलेले असतात. थंडीत शाही कारखान्यात एक अंमलदार आला आणि मागांमधून फिरत त्याने ती नावं म्हणून दाखवली, त्याच क्रमाने. मग हनन्यापाशी थांबला.

“कैसराचा आणि तुझा काय संबंध?”

“साहेब, मी त्याला पाहिलेलंसुद्धा नाही. त्याच्या अंगरख्याचं माप विचाराल तर तेही सांगता यायचं नाही.”

विणकर हसले. अंमलदारही हसला. म्हणाला, “तो जिंकावा म्हणून देवाला साकडं घालतात आणि लगेच तुझं नाव घेतात. बाबा रे, याचा अर्थ आमचे शहेनशहा काय लावतील?” हनन्याला त्याच दिवशी किल्ल्यात नेलं.

शेजारची माहदुख्त तुला आठवते का? अग्नीची पूजा करणारी, पण दर सणाला शीरीनसाठी पदरात सुकामेवा घेऊन यायची. परवा भिंतीपलीकडूनच म्हणाली, “वर्दा, तुमचा देव आम्हाला कधी नडला नाही गं. पण आता त्याने फौज बाळगलीय, त्याचं काय?”

तू विचारतोस, कैसराने हात दिला नसता तर ख्रिस्ताचं नाव आज कुठे असतं? कुठल्याशा मागच्या खोलीत बसलेली पन्नास माणसं, असं उत्तरही तूच देतोस. असेल. आजोबांना इकडच्या फौजेने कैसराच्या अंताकियाहून कैद करून इथे आणलं, त्यानंतरही तेव्हाचे कैसर आपल्या लोकांना मारत होते आणि इथे आपल्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. आम्ही मागच्या खोलीतच होतो. भाकरी मोडायची, गायचं, कुणाचं आजारपण काढायचं. हळूहळू वाढलो असतो, कदाचित वाढलोही नसतो. पण हनन्या त्या खोलीत बसलेला असता. मला या सगळ्याचा राग येतो, आणि तुझाही येतो. लिहून टाकते, म्हणजे मनात कुजणार नाही.

तू म्हणशील, निघून ये. कशी येऊ? कारखान्याच्या माणसाला वेस ओलांडता येत नाही, आणि आता तर रोज सकाळी आम्हा सगळ्यांना वेशीवर हजेरी द्यावी लागते. अंमलदाराने बजावलं आहे, “यापुढे तिकडे ज्याचं नाव ऐकू येईल, तोही किल्ल्यात.” दुसरं नाव माझं आहे. तिसरं शीरीनचं.

एवढं लिहिलं, पण किल्ल्यातलं पुढचं लिहायचं टाळत होते. त्यांनी हनन्याला सांगितलं, सूर्याला नमस्कार कर आणि घरी जा. त्याने केला नाही. जब्दा, हनन्या गेला. देहसुद्धा दिला नाही आम्हाला.

तू हे पत्र वाचून जाळ. उत्तर पाठवू नकोस. नाव खोडलं की तुमच्या प्रार्थनेत आम्ही कुणी नाही, हे मला ठाऊक आहे, आणि त्याने मला रडूही येतं. तरी माझं नाव खोड, शीरीनचं खोड, आळीतल्या सगळ्यांची खोड. हनन्याचं मात्र जिवंतांतून काढून मेलेल्यांच्या यादीत घाल. त्या यादीआधी कैसराचं नाव घेत नाहीत ना, तेवढं आधी विचारून घे.

जिचं नाव आता तू मोठ्याने घ्यायचं नाहीस, ती
तुझी ताई