चोपन्न मिरच्या अन् चाळीस शेअर

मु. बार्शीटाकळी
शुक्रवार, दुपारच्या जेवणानंतर

चिरंजीव प्रणालीस,

तुह्या आजीचा, म्हणजे दुर्गाबाईचा, पोटभर आशीर्वाद. मी खुशाल आहे, ऑपरेशन झालेला डोळा खुशाल आहे, दुसरा त्याच्यावर जळून राहिला. तुह्या मायची कंबर कशी आहे? तुह्या बापाचं बीपी कसं आहे? लिफ्ट सुरू झाली, की अजून तिसऱ्या मजल्यावर चढताना दर जिन्याले देव आठवते? आमच्या चिरंजीव गोपालरावांचं माझ्याबद्दलचं मत तेवढं काही खुशाल नाही, म्हणून हे पत्र. तू वाच, मग बापाले मोठ्यानं वाचून दाखव. त्याले जे ठाऊक नाही ते मी मुद्दाम फोडून सांगते. तुले ठाऊक असलेलं पुन्हा आलं तर कंटाळू नको.

पत्र लिहून राहिले आपले शेजारी धर्मपालभाऊ. तहसील कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर चौतीस वर्षं काढली, आता रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण टेबल काही अंगातून निघत नाही. मी "चिरंजीव" म्हणायच्या आधी यांनी वर "विषय : मिरचीच्या रोपांच्या संख्येतील तफावतीबाबत" असं लिहून टाकलं होतं अन् खाली "संदर्भ : आपला दूरध्वनी". मी म्हटलं, भाऊ, ती नात आहे माझी, नायब तहसीलदार नाही. तेव्हा कुठं खोडलं. जावक क्रमांक मात्र टाकलाच. (टाकला आहे. क्र. १. उद्या पत्र गहाळ झाले तर पुरावा काय? — लेखनिक.) पाहिलं? मी न सांगता कंसात शिरतात.

फोनवर काहून नाही बोलली, म्हणशील. फोनवर सरकार आयकते. भाऊ म्हणतात, काकू, सरकारले तुमच्या मिरच्यांत काय रस? मी म्हटलं, रस नसता तर शेअर घ्यायले माझं आधार कार्ड काहून मागितलं असतं? पोस्टानं पाठवावं, तर पोस्ट सरकारचं. म्हणून उद्या सकाळी यांची बायको केशरबाई भाचीकडे अमरावतीले जाऊन राहिली, तिच्या पिशवीत अंबाडीच्या भाजीखाली ठेवून देते. (एस.टी. देखील महामंडळाचीच आहे, हे नम्रपणे निदर्शनास आणतो. — लेखनिक.) आणा बापा निदर्शनास. भाजी वर आहे ना, झालं.

आता गोपालरावांसाठी. बापू, तुह्या मायले अक्षर येत नाही. चार वर्षांपूर्वी प्रणालीनं मोबाईलवर माझं शेअरचं खातं काढून दिलं, तेव्हा मले पहिली फिकीर ही, की मोबाईल पोरीच्या हातात, आकडे मोबाईलच्या पोटात, मग माझ्या हातात काय? म्हणून मी अंगणात वाफे पाडले. एक शेअर, एक झाड. बिस्किटाची कंपनी म्हणजे वांगे. पाइपवाली कंपनी म्हणजे भेंडी. बँक म्हणजे मिरची. शेअर घेतला की रोप लावायचं, विकला की उपटून भाजी करायची, रोप मेलं तर त्याच दिवशी त्या जागी दुसरं लावायचं. दर पुनवेले प्रणाली फोनवर आकडा वाचते, मी काठी टेकत वाफ्यातून मोजत जाते, अन् चार वर्षांत एकदाही एका झाडाचा फरक पडला नाही. कंपनी कोणती घ्यायची ते सांगायले टीव्हीवर कोट घातलेले लोक बसतात. मी आपली घरासमोरची नाली पाहते. कोणत्या रंगाचे बिस्किटाचे पुडे जास्त वाहून राहिले, कोणते कमी झाले, सगळं तिथं दिसते. लाल पुडे कमी अन् पिवळे जास्त झाले तेव्हा मी पिवळ्यावाल्यांचे घेतले, अन् दोन वर्षांपूर्वी त्यांनी दोनावर एक बोनस दिला, म्हणजे फुकटचा शेअर. मी त्याच दुपारी वांग्याची दहा रोपं जादा लावली होती. ही बोनसची गोष्ट लक्षात ठेव, पुढं लागते.

सरकारी कंपनीचे पाच शेअर मात्र तुह्या पोरीनं मले न विचारता घेतले. त्यांच्यासाठी मी न्हाणीच्या मागं पाच कोरफडी खोचल्या. म्हटलं, पाणी नाही, खत नाही, मेल्या तर मेल्या. अजून मेल्या नाहीत. उलट पिलं घालून राहिल्या, ती मले मोजणीतून वगळावी लागतात. पण त्यावरून सरकारावर विश्वास ठेवावा असं मले वाटत नाही. ज्या सरकारानं एका रात्रीत माझ्या तुरीच्या डाळीच्या डब्यातल्या नोटा रद्द केल्या, (डब्यात ठेवायला नको होत्या. — लेखनिक.) ज्याची मशीन दर महिन्याले रेशनच्या दुकानात माझा अंगठा पाहून म्हणते की ही बाई ती नाही, त्याच्यावर कसा ठेवू? साठ वर्षं कापूस वेचून अंगठ्याच्या रेघा गेल्या. मी म्हटलं, मशीनबाई, रेघा वावरात पडल्या आहेत, जाऊन पाहून ये.

तर प्रणाली, मे महिन्यात डोळ्यासाठी मी अमरावतीले आली अन् तुमच्याकडे एकवीस दिवस राहिली. घर चांगलं आहे. गॅलरीत उभं राहिलं की समोरच्याची गॅलरी दिसते. माती म्हणून एका कुंडीत प्लास्टिकचं फूल, त्याले तुही माय रोज फडक्यानं पुसते. इकडे बगिचा मी धर्मपालभाऊच्या हवाली केला होता अन् निघताना दहादा सांगितलं, भाऊ, हे झाडं नाहीत, माझी वही आहे. परत आली तेव्हा डोळ्यावर काळा चष्मा, महिनाभर वाकायची मनाई. पुनवेले उभ्यानंच काठीनं मोजलं. वांगे बरोबर. भेंडी बरोबर. मिरच्या चोपन्न! पुन्हा मोजल्या, चोपन्न. असायले पाहिजेत चाळीस. मी भाऊले विचारलं, वरच्या चौदा तुमी लावल्या का? हे आभाळाकडे पाहून म्हणाले, "हो." मी समजली, मी पट्टी बांधून पडली होती तेव्हा बँकेनं बोनस दिला, तू यांना कळवलं, अन् यांनी वही बरोबर केली. गल्लीत सगळ्यांना पेढे वाटले. (पेढे नव्हते, गूळ-शेंगदाणे होते. — लेखनिक.)

पुढचं तुले ठाऊकच आहे. तू मोबाईल पाहून म्हणाली, "आजी, चाळीसच आहेत." मी म्हटलं, "चोपन्न." तू चाळीस, मी चोपन्न. तेवढ्यात मांगून तुह्या बापाचा आवाज, "आईचं आता होत नाही. डोकं दमलं तिचं. रविवारी गाडी घेऊन जातो अन् कायमचं इकडं आणतो. खातंही मीच पाहीन." पोरी, मले फोनमध्ये सगळं आयकू येते हे त्याले लहानपणापासून ठाऊक नाही. तेव्हा हा वाद चौदा मिरच्यांचा नाही. आकडा जुळला नाही, तर रविवारी माझं अंगण गेलं अन् मी प्लास्टिकच्या फुलाशेजारी बसली.

म्हणून मी विचार केला. बोनस आला हे नक्की, कारण मिरच्या उभ्या आहेत. मोबाईलमध्ये नाही हेही नक्की. म्हणजे मधल्या मध्ये खाल्ला कोणी? (सरकारचा यात काडीचाही संबंध नाही. — लेखनिक.) बुधवारी मी एक मिरची मुळासकट उपटली, (मुळाची गोष्ट मागाहून) डालड्याच्या जुन्या डब्यात मातीसकट ठेवली अन् ऑटोनं बँकेत गेली. शेअर ज्या बँकेचे ते बँकेनंच पाहावं, नाही का? दारावरचा बंदूकवाला म्हणे, झाड आत नेता येत नाही. मी म्हटलं, झाड नाही, पुरावा आहे. त्यानं वाट सोडली. मॅनेजर नवीन आहे, ओमप्रकाश नावाचा, तिकडं उत्तरेकडला. "माताजी, ये क्या है?" म्हणे. मी म्हटलं, "आपका मिरची." अर्धा घंटा समजावलं. त्यानंही समजावलं की शेअरचं काम त्याच्याकडे नसते, ते मुंबईले असते, अन् बोनस असा कोणाले गुपचूप भेटत नाही. शेवटी दोघंही दमलो. त्यानं चहा मागवला अन् हळूच विचारलं, माताजी, बँकेच्या फाटकाजवळच्या जास्वंदावर पांढरं-पांढरं कापसासारखं काय बसून राहिलं? मी बाहेर जाऊन पाहिलं. किडलेल्या फांद्या छाटायले लावल्या, तंबाखूचं पाणी मारायले सांगितलं. परत निघताना तो मले ऑटोपर्यंत सोडायले आला, डबा त्यानं स्वतः धरला. बोनस काही भेटला नाही, मिरची घरी आणून परत तिच्या जागी लावली.

धर्मपालभाऊ या सगळ्यात मले म्हणतात, काकू, जाऊ द्या ना. हे पत्र सांगता सांगता यांनी तीनदा पाणी पिलं, दोनदा चष्मा पुसला, अन् "बोनस" शब्द आला की यांचा पेन अडखळते. गोपालच्या गाडीची गोष्ट आली तेव्हा तर उठून दाराशीच जाऊन उभे राहिले. वय झालं यांचंही. बाकी माणूस सोन्यासारखा. मी नव्हती तर एवढ्या उन्हात माझ्या अंगणात पाणी घातलं, नळ आठ दिवसांनी येते तरी. तेव्हा प्रणाली, बापाले एवढंच सांग, की माय हिशोबात चुकली नाही. चूक कुठं झाली ते मले अजून कोणी लेखी दिलं नाही, एवढंच. बापाले गोड पापा, मायच्या कंबरेले निरगुडीचा शेक, अन् तुले उदंड आयुष्य.

तुही आजी,
दुर्गाबाई (हा डाव्या हाताचा अंगठा. उमटला तेवढा उमटला.)

ता. क. लिंबाचं लोणचं पाठवून राहिली. बरणी परत दे. मांगची अजून यायची आहे.

ता. क. (लेखनिकाकडून, काकूंच्या नकळत.) चि. प्रणाली व श्री. गोपालभाऊ यांस जय भीम. सविनय सादर करण्यात येते की, काकू अमरावतीस असताना मी एका लग्नासाठी दोन दिवस नागपूरला गेलो. त्या दोन दिवसांत पारा सेहेचाळीसवर होता. परत आलो तो मिरचीची चाळीसही रोपे करपलेली. काकूंची वही माझ्या हातून जळाली, दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही. काकू परतण्यापूर्वीच सरकारी रोपवाटिकेतून रोपे आणली. तिथे पन्नासांच्या खाली देत नाहीत, आणि देणाऱ्याने वर चार घातली. ऊन पाहता चौदा तरी मरतील असा अंदाज धरून सगळीच लावली. एकही मेले नाही. जादा चौदा काढून टाकायला दोनदा वाफ्यात बसलो, पण जिवंत रोप उपटायला हात झाला नाही. काकूंनी विचारले तेव्हा "हो" म्हणालो, ते खरे होते, पण पूर्ण नव्हते. काकूंच्या मोजणीत कोणतीही चूक नाही. चूक सर्वस्वी माझी. कृपया त्यांना नेऊ नये. आपला विश्वासू, धर्मपाल, सेवानिवृत्त अव्वल कारकून.

ता. क. हे केशरबाईच्या हातचं अक्षर आहे, सांगणारी मीच. धर्मपालभाऊ चौथ्यांदा पाणी प्यायले घरी गेले. पोरी, मले वाचता येत नाही, पण मी बोलायची थांबली अन् तरी यांचा पेन अर्धं पान चालून राहिला, हे तर दिसते! नवीन भिंग कशाले बसवलं? केशरबाईनं सगळं वाचून दाखवलं, अन् "दोन दिवस जेवले नाहीत ते याच्यासाठी होय!" म्हणून डोळे पुसले. मले बुधवारीच समजलं होतं. मिरची उपटली तर मुळाशी नारळाच्या भुश्याची गोटी. माझी रोपं राख अन् शेणात होतात, नारळ मी फक्त देवापुढं फोडते. अशी गोटी सरकारी रोपवाटिकेतच भेटते. मग बँकेत कशाले गेली, म्हणशील. ऑटो सांगून झाला होता. अन् पत्र यांच्याच हातून काहून लिहून घेतलं? मी तोंडानं सांगितलं असतं तर तुह्या बापानं म्हटलं असतं, डोकं दमलं. त्याले सरकारी माणसाचं लेखी लागते. आता आहे, जावक क्रमांकासकट. भाऊले यातलं काही सांगायचं नाही. बिचाऱ्याले वाटू दे की माझ्या नकळत लिहिलं.

मिरच्या उपटून फेकायले मलेही हात होत नाही. तूच बँकेचे चौदा शेअर घेऊन टाक, म्हणजे पुनवेले जुळते. अन् रविवारी बापाले गाडी घेऊन येऊ दे, अडवू नको. फक्त रिकामी आणू नको म्हण. तिकडल्या सरकारी रोपवाटिकेतून संत्र्याची चार कलमं आणायले सांग, सरकारीच, मरत नाहीत ती. त्या सरकारी कंपनीचे चार अजून घे. यावेळी न्हाणीच्या मागं नाही, समोर उन्हात लावते. खड्डे आजच खोदायले सांगितले आहेत. संत्र्याचा पहिला बहार पाचव्या वर्षी धरतात. तोवर मले अमरावतीले यायले सवड नाही.